उद्घाटकाचा फोटो

"सुश्या, कधी झालं रं?"

सकाळचे साडेसात वाजले होते. फोनवर साग्या पिसाळ होता आणि त्याचा आवाज ओला होता. साग्याला मी पहिलीपासून ओळखतो. त्याचा आवाज त्याआधी फक्त दोनदा ओला झाला होता, एकदा दहावीच्या निकालाला आणि एकदा त्याची बुलेट पोलिसांनी उचलून नेली तेव्हा.

"काय कधी झालं?"

"लेका, मला तरी फोन करायचास. मी एसटी स्टँडवर उभाय. आप्पांचा फ्लेक्स लागलाय. एवढा मोठा. माझ्याच्यानं वर बघवंना."

मी मागं वळून बघितलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून चहात खारी बुडवत होते.

"साग्या, जरा वर बघ आणि वाच. काय लिहिलंय?"

थोडा वेळ नुसता एसटीचा हॉर्न ऐकू आला. मग साग्या एकेक शब्द सोडवत म्हणाला, "हृदय... तपासणी... शिबिर." आणि परत आवाज ओला झाला. "म्हणजे हार्टनं गेले?"

"गेले नाहीत. खारी खातायत."

"मग फोटो कशाला लावलाय?"

याचं उत्तर मला त्याच क्षणी कळलं.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. वडूजला आमचं फ्लेक्सचं दुकान, 'हेंद्रे डिजिटल'. वाढदिवस, निवड, उद्घाटन, दशक्रिया, गावात कुणाचं काहीही झालं की ते आमच्या मशीनमधून जायचं. मी तेवीस वर्षांचा होतो आणि दुकानात डिझायनर होतो, म्हणजे माऊस माझ्या हातात असायचा आणि अक्कल आप्पांची.

दुकानात दोन नियम होते. पहिला असा की, कॉम्प्युटरमध्ये जेवढे तयार नमुने आहेत त्या सगळ्यांवर फोटो आणि नाव आप्पांचंच ठेवायचं. गिऱ्हाईक आलं की त्याचं नाव आणि फोटो तिथं टाकायचा. या नियमाला इतिहास होता. पूर्वी नमुन्यावर आधीच्या गिऱ्हाइकाचा फोटो तसाच राहायचा, आणि त्या नादात आम्ही एका जिवंत सरपंचांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती. ती परत करायला ते स्वतः दुकानात आले होते. तेव्हापासून आप्पा म्हणाले, "फोटो माझाच ठेव. चुकून छापला गेला तर भांडायला कोण येणार न्हाय."

दुसरा नियम, प्रूफ. मोठ्या मशीनला लावायच्या आधी प्रत्येक फ्लेक्स साध्या कागदावर छापायचा. आप्पा चष्मा लावून, लाल पेन घेऊन तो वाचणार, खाली 'वि. हें.' अशी सही करणार आणि भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवणार. सहीशिवाय मशीन चालू करायचं नाही. विलास हेंद्रे यांच्या सहीशिवाय वडूजमध्ये कुणाचा वाढदिवस होऊ शकत नव्हता.

आता त्या वर्षाचं सांगायला हवं. आप्पा त्या वर्षी बावन्न वर्षांचे होते.

आमच्या घराण्यात पुरुष बावन्नाव्या वर्षी जातात. आजोबा बावन्नाव्या वर्षी पाटावर बसून दाढी करताना गेले, अर्धी राहिली. थोरले चुलते बावन्नाव्या वर्षी कांद्याचा भाव करताना गेले. पणजोबांचं वय कुणालाच माहीत नव्हतं, पण ते बावन्नाव्या वर्षीच गेले यावर सगळ्या भावकीचं एकमत होतं. सगळ्यांना तेच, छातीत कळ आणि खेळ खलास.

आप्पांनी हे शांतपणे घेतलं होतं. इतकं शांतपणे की आईला धडकी भरायची. मार्चमध्ये बावन्नावं लागल्यापासून त्यांनी वर्षाची कुठलीही वस्तू घेणं बंद केलं. मोबाईलचं रिचार्ज महिन्याचं. आई म्हणायची, "अहो, वर्षाचं स्वस्त पडतं." आप्पा म्हणायचे, "कुणाला?" चपलेचा अंगठा तुटला तर शिवून आणला, नवीन घेतली नाही. आणि एप्रिलमध्ये मला कॉम्प्युटरमध्ये एक फाईल सापडली. 'आप्पा फायनल' नावाची. उघडली तर आप्पांची श्रद्धांजली. तारखेची जागा मोकळी, बाकी सगळं तयार, कडेला झेंडूची माळ, खाली 'शोकाकुल: समस्त हेंद्रे परिवार'.

मी विचारलं, "हे काय आप्पा?"

"तुझ्यावर कसा सोडू?" ते म्हणाले. "तू कडेला गुलाब लावतोस."

आई चार वेळा म्हणाली होती की साताऱ्याला जाऊन तपासून या. पहिल्यांदा आप्पा म्हणाले, "जाणाऱ्या माणसावर हजारो रुपये कशाला घालवायचे?" दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा म्हणाले, "तपासलं की सापडतं. न तपासता कुणाला काय सापडलंय का?" चौथ्यांदा आई आत गेली आणि तिनं इतकी भांडी घासली की त्यात धुतलेलीही होती.

डिसेंबरात रणपिसे ऑर्डर घेऊन आले. त्यांचं मेडिकलचं दुकान होतं, आणि साताऱ्याच्या हृदयाच्या डॉक्टर शेटेबाईंना बोलवून त्यांनी शुभमंगल कार्यालयात शिबिर ठरवलं होतं. तीनशे रुपयांत ईसीजी, शुगर, कोलेस्टेरॉल, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर त्यातच इको. उद्घाटनाची कल्पना रणपिशांची स्वतःची होती. फीत कापायची नाही, उद्घाटकानं सगळ्यांदेखत पहिली तपासणी स्वतःची करून घ्यायची, म्हणजे लोकांची भीती मोडेल. उद्घाटक कोण ते संध्याकाळी फोनवर कळवतो म्हणाले.

"तीनशेत काय हृदय बघणार?" रणपिसे गेल्यावर आप्पा म्हणाले. "तीनशेत आपण दोन बाय तीनचा फ्लेक्स देत न्हाय." पण ऑर्डरचा कागद त्यांनी दोनदा वाचला. मग विचारलं, "इको म्हणजे काय रं?"

"सोनोग्राफीसारखं असतं. हृदय पडद्यावर दिसतं."

"आपल्याला पण दाखवत्यात?"

"दाखवत असतील."

"हं," म्हणाले आणि कागद जागेवर ठेवला.

मी नमुना घेऊन डिझाईन केलं. उद्घाटकाच्या जागी अर्थातच आप्पांचा फोटो आणि 'मा. श्री. विलास हेंद्रे' होतं. प्रूफ काढून आप्पांच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवलं आणि ग्राउंडवर गेलो, कारण आमची सेमीफायनल होती. रणपिशांचा फोन मी डीप मिडविकेटला असताना आला. उद्घाटक म्हणजे त्यांचे मेव्हणे, किसनराव जगदाळे. मी ते नाव तळहातावर लिहून घेतलं. पुढच्याच षटकात माझ्याकडं कॅच आला. कॅच सुटला आणि जगदाळे घामात पुसले गेले.

आठ वाजता दुकानात आलो तर आप्पा घरी गेलेले, टेबलावर प्रूफ दिसेना, आणि फ्लेक्स लावणारी पोरं शिडी घेऊन दारात उभी. मी सहीबिही काही बघितली नाही, नाव बदलायचं राहिलंय हेही डोक्यात आलं नाही. सुटलेला कॅच डोक्यात होता. सरळ मशीन चालू केलं.

तर हे असं झालं होतं. गावात पाच ठिकाणी, वीस बाय दहाचे.

साग्याचा फोन ठेवून मी आप्पांना सगळं सांगितलं. खारी चहात पडली. ती त्यांनी चमच्यानं काढली, खाल्ली आणि विचारलं, "प्रूफ दाखवलंस का मला?"

"नाही."

"सही होती?"

"नाही."

"मग?"

आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिनं गॅस बारीक केला, जास्त नीट ऐकू यावं म्हणून.

तेवढ्यात रणपिसे आले. त्यांचा चेहरा बघून मी आप्पांच्या मागं सरकलो.

"हेंद्रे, मेव्हण्याचा सकाळपासून चौथा फोन."

"चिडलेत?" आप्पांनी विचारलं.

"चिडला असता तर बरं होतं. आनंदानं रडतोय. म्हणतो, भाऊजी, उपकार झाले, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, आता मी काय येत न्हाय. आज दुपारच्या गाडीनं गोव्याला चाललाय." रणपिसे मटकन पाटावर बसले. "आता गावभर तुमचा फोटो. उद्या दहाला उद्घाटन. तुमच्याशिवाय होणार कसं?"

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मी लहान झालो. "बघा, रणपिसे. एक प्रूफ दाखवता येत न्हाय यांना. ही आजची पिढी." मग उठले, तुटका अंगठा शिवलेली चप्पल घातली आणि म्हणाले, "बघून तर येऊ दे."

मी मागं मागं गेलो. एसटी स्टँडवर आप्पा फ्लेक्सखाली उभे राहिले. मान वर करून पाच मिनिटं बघत होते. मला वाटलं, आता चप्पल निघणार. पण ते एवढंच म्हणाले, "फोटो बारका आलाय."

त्या दिवशी दुकानात येईल तो अभिनंदन करत होता. न्हावी म्हणाला, हेंद्रे, तुम्ही पुढं होताय म्हणून मी पण नाव घातलं. पोस्टमन म्हणाला, धाडस लागतं. बँकेतल्या दोन बायकांनी नवऱ्यांची नावं परस्पर घातली. दुपारपर्यंत रणपिशांकडं एकशे दहा नावं झाली. आता नाही म्हणणं म्हणजे एकशे दहा हृदयं घरी परत पाठवणं. आप्पा सगळ्यांना "बघू, बघू" म्हणत होते, आणि रात्री मात्र जेवले नाहीत. पानावरून उठताना आईला म्हणाले, "गोदरेजच्या कपाटाची किल्ली देवाच्या फोटोमागं असती. तुला म्हायत असावं."

आई म्हणाली, "मला वीस वर्षं म्हायतीय. झोपा."

रविवारी दहाला कार्यालयात पोहोचलो. आदल्या दिवशीचं लग्न अजून उतरवलेलं नव्हतं. स्टेजवर थर्माकोलचे मोर, मागं 'प्रियांका वेड्स रोहित', आणि त्याच्या खाली 'हृदय तपासणी शिबिर'. दारातल्या मॅनेजरनं सवयीनं विचारलं, "वराकडचे का वधूकडचे?"

"हृदयाकडचे," मी म्हणालो.

"वरपक्षाच्या खोलीत पुरुष, वधूपक्षाच्या खोलीत बायका. नाष्टा रिपोर्ट झाल्यावर."

स्टेजवर आप्पांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि बटाट्याएवढ्या झेंडूंचा हार. रणपिशांनी भाषणात त्यांना 'निधड्या छातीचे' म्हटलं. निधड्या छातीवर आप्पांचा हात सारखा जात होता. मग स्टेजवरच पडद्याआड मांडलेल्या कॉटवर त्यांना झोपवलं, शर्टाची बटणं काढली आणि सिस्टर वायरी आणायला आत गेली. लोकांना दिसावं म्हणून रणपिशांनी पडदा बाजूला केला.

आप्पा डोळे मिटून, हात छातीवर ठेवून, गळ्यात हार घालून सरळ झोपलेले होते.

पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात जोडले.

"आधी तो हार काढा!" आई ओरडली. आईला मी तोपर्यंत ओरडताना ऐकलं नव्हतं. खुर्च्या सारत ती स्टेजवर गेली आणि तिनं स्वतः हार काढला. काढताना तो आप्पांच्या कानात अडकला. आप्पांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "अगं हळू. जित्ता हाय मी." लोक हसले. आई हसली नाही. हार हातात धरून कॉटच्या पायथ्याशी उभी राहिली.

ईसीजीची पट्टी बाहेर आली. सिस्टरनं ती बघितली, आत नेली. डॉक्टर शेटेबाई बाहेर आल्या, पट्टी बघितली, आप्पांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "परत काढा."

आईनं हारातलं एक फूल तोडलं. मग दुसरं. आप्पा छताकडं बघत म्हणाले, "सुशांत." मला ते सुश्याच म्हणतात. सुशांत फक्त शाळेच्या दाखल्यावर आहे.

"काय आप्पा?"

"मशीनची शाई गुरुवारी मागवायची. विसरू नको."

"नाही विसरत."

"आणि गुलाब लावू नको."

सिस्टरनं वायरी परत लावल्या. एक घामानं निसटली होती. छाती पुसली, वायर दाबून धरली, दुसरी पट्टी काढली. ती बघायच्या आधी डॉक्टरांनी काही विचारलं. घरात कुणाला हृदयाचं काही होतं का? आप्पांनी आजोबा, चुलते, पणजोबा अशी सगळी यादी म्हणून दाखवली, पाढे म्हणावे तशी.

"मग तुम्ही आजपर्यंत का नाही आलात?" बाई म्हणाल्या. "घरात एवढं असेल तर आधी यायला हवं. चला आत, इको करून घेऊ."

वरपक्षाच्या खोलीत आरशाला नवरदेवाच्या मुंडावळ्या तशाच लटकत होत्या. त्या आरशाखाली बाईंनी आप्पांच्या छातीवर गार जेल लावलं आणि पडदा त्यांच्याकडं वळवला. करड्या रंगात काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. आम्ही तिघं बघत राहिलो.

"हे माझं?" आप्पा म्हणाले.

"तुमचंच."

"सारखंच चालू असतं का असं?"

"बावन्न वर्षं चालू आहे," बाई म्हणाल्या. "झडपा चांगल्या आहेत, पंपिंग चांगलं आहे. ईसीजी पण व्यवस्थित आहे, मगाशी नुसती वायर सुटली होती. ब्लडप्रेशर थोडं जास्त आहे, तेही कदाचित सत्कारामुळं. ते परत मोजायचं. मीठ कमी करा, रोज चाला. आज मला काळजीचं काही दिसत नाही. पण घरातला इतिहास बघता दरवर्षी यायचं."

आप्पा उठून बसले. जेल पुसायला सिस्टरनं दिलेला कापूस तसाच हातात. "बाई, हे लेखी मिळंल?"

"रिपोर्टवर आहेच."

"तसं न्हाय. 'काळजीचं काही नाही' एवढं एक वाक्य. सहीनिशी."

बाईंनी लिहून दिलं. आप्पांनी खिशातून चष्मा काढला, वाचलं, परत वाचलं आणि चष्मा घालूनच रडायला लागले. आवाज नाही, नुसतं पाणी. आईनं पदर पुढं केला, तर त्यांनी तो न घेता कापसानं डोळे पुसले. कापसाला जेल होतं. पुढची दहा मिनिटं त्यांना काहीही दिसत नव्हतं.

बाहेर मॅनेजरनं त्यांच्या हातात शिऱ्याची प्लेट दिली. आप्पांनी तीन प्लेट खाल्ल्या. शिऱ्यात मीठ नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

घरी आल्यावर आई आतल्या खोलीत गेली आणि गादीखालून गुंडाळी काढून आणली. नव्या वर्षाचं कॅलेंडर. दिवाळीतच आणून ठेवलं होतं म्हणे. बाहेर लावायचा धीर होत नव्हता. तिनं ते खिळ्याला अडकवलं, मार्चपर्यंत पानं उलटली, एका तारखेवर बोट ठेवलं आणि परत जानेवारीवर आली. आप्पा चपलेकडं बघत म्हणाले, "ही आता टाकायला पायजे." आणि संध्याकाळी नवीन जोडी घेऊन आले. वर्षाचं रिचार्जही मारून आले.

मार्चमध्ये त्रेपन्नावं लागलं, तेव्हा त्यांनी मला 'आप्पा फायनल' उघडायला लावली. मला वाटलं, पुसायची. "पुसतोस कशाला? एवढं चांगलं डिझाईन हाय," ते म्हणाले. "वरची ओळ बदल. 'शोकाकुल'च्या जागी 'शुभेच्छुक' कर." माळ तशीच ठेवली. तो फ्लेक्स बघून साग्यानं परत फोन केला, पण या वेळी आधी वाचून.

त्या शिबिरात एकशे चौसष्ट जणांची तपासणी झाली. न्हाव्याला वेळेत साताऱ्याला पाठवलं, तो आजही आमची दाढी करतो, पूर्ण. जगदाळे पुढच्या वर्षी गुपचूप येऊन रांगेत उभे राहिले. आप्पा दर डिसेंबरात जातात, मॅनेजर दरवेळी विचारतो वराकडचे का वधूकडचे. आणि मी पुढची आठ वर्षं गावात 'ज्यानं बापाचा फोटो छापला तो' म्हणून ओळखला गेलो. आप्पा येईल त्याला सांगायचे, "प्रूफ न दाखवता छापलं बघा यानं." मी मान खाली घालायचो. चूक माझीच होती.

गेल्या वर्षी आम्ही दुकान मोठ्या गाळ्यात हलवलं. भिंतीवरची तार काढली, तर तिच्यावर पंधरा वर्षांची प्रूफं टोचलेली. टाकायच्या आधी मी सहज चाळत बसलो. अर्ध्यावर आलो आणि हात थांबला.

हृदय तपासणी शिबिर. उद्घाटक मा. श्री. विलास हेंद्रे. नावापुढं लाल पेनानं बरोबरची खूण. खाली सही, 'वि. हें.' आणि तारीख, ज्या संध्याकाळी मी डीप मिडविकेटला होतो तीच. फोटोभोवती लाल गोल केलेला होता आणि त्याच्या बाजूला त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं:

'फोटो जरा मोठा घे.'

मी तो कागद घेऊन नव्या गाळ्यात गेलो. साठ वर्षांचे आप्पा स्टुलावर उभे राहून बल्ब बसवत होते. कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कागद लांब धरला, जवळ धरला.

मग कागद माझ्या हातात परत देत म्हणाले, "बघ. लिहून दिलं होतं. तरी बारकाच छापलास."